शोक आधी, माफी नंतर: सायफाय एपिसोड सुटा करून आपली स्क्रिप्ट कशी बांधायची

माझ्याकडे ओळखीतल्यांच्या सायफाय स्क्रिप्ट वाचायला येतात, कुणाची एकांकिका, कुणाची शॉर्टफिल्म, हल्ली ऑडिओ सिरीज पण, आणि त्यातल्या ज्या कुणाच्या तरी जाण्याबद्दल असतात त्या जवळपास सगळ्या एकाच जागी घसरतात. माणूस गेलेला असतो, मग एक मशीन येतं, मशीनमधून गेलेला माणूस दिसतो, दोघं रडतात, "मी तुला माफ केलं" असं वाक्य येतं आणि संपलं. लिहिणाऱ्याने चांगले एपिसोड बघितलेत हे कळतं, पण त्याने शेवटचा सीन उचललाय आणि त्या सीनपर्यंत पोचायच्या पायऱ्या तिकडेच राहिल्यात.

म्हणून हा लेख. ट्रोप म्हणजे गोष्टीतला ठरलेला साचा, तो वापरण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त तो कुठल्या क्रमाने बसवायचा हे कळलं पाहिजे. मी पूर्ण लेखात एकच एपिसोड मधोमध ठेवणार आहे, स्टार ट्रेक डीप स्पेस नाईन या अंतराळ स्टेशनवरच्या अमेरिकन सिरीजचा पहिला एपिसोड 'एमिसरी', जानेवारी १९९३ चा, साधारण दीड तासाचा. शोक आणि माफी दोन्ही त्यात आहे आणि त्याचे सांधे उघडे करून बघता येतात. बाकीचे एपिसोड लागतील तसे येतील. शेवट सगळ्यांचे सांगितलेत, त्यामुळे बघायचे असतील तर आधी बघून या.

सोबत आपली स्वतःची एक छोटी गोष्ट पण बांधत जाऊ.

तयारी: लिहायच्या आधी काय काय करून ठेवायचं

एपिसोड तीनदा बघायचा. पहिल्यांदा वही न घेता, नुसता. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, हे लोक टाळतात पण हेच सगळ्यात जास्त कामाचं आहे कारण आवाज गेला की कोण कोणाकडे बघत नाही, कोण किती लांब उभं आहे, कोणाचा हात कुठे आहे हे दिसायला लागतं, आणि माफी बहुतेक वेळा तिथेच असते. तिसऱ्यांदा वही घेऊन, थांबत थांबत, प्रत्येक सीनची मिनिटं लिहीत.

वहीत चार रकाने करा: काय गेलं, माणूस कुठे अडकलाय, यंत्र काय देतं आणि काय देत नाही, राग कोणावर आहे. इथे यंत्र म्हणजे सायफायची जी काही करामत असेल ती, मग ती टाइम ट्रॅव्हल असो, परका जीव असो, क्लोन असो.

इशारा: तिसऱ्यांदा बघून होईपर्यंत नेटवरच्या ट्रोपच्या याद्या उघडू नका. यादी आधी वाचली की डोळा नावं शोधत बसतो, हा बघा टाइम लूप, हा बघा ट्विस्ट, आणि तो साचा त्या जागी का लागला हा प्रश्न पडतच नाही.

१. काय गेलं ते एका साध्या वाक्यात लिहा

'एमिसरी'साठी वाक्य असं होईल: अधिकारी बेंजामिन सिस्कोची बायको जेनिफर बोर्ग नावाच्या अर्धयंत्र शत्रूच्या हल्ल्यात सॅराटोगा अंतराळजहाजावर मेली आणि तो तिला तिथेच सोडून मुलाला घेऊन बाहेर पडला.

दुसरा भाग बघा, "सोडून बाहेर पडला". नुसतं "बायको मेली" लिहिलं असतं तर तो अपघात झाला, त्यावर गोष्ट उभी राहत नाही. सिस्को ढिगारा उपसायचा प्रयत्न करतो, दुसरा अधिकारी त्याला ओढून नेतो, आणि मग सुटकेच्या छोट्या पॉडच्या खिडकीतून तो जहाज फुटताना बघतो. म्हणजे जाण्याच्या क्षणी जिवंत राहिलेल्या माणसाने काय केलं किंवा काय करायचं राहिलं, हे वाक्यात आलंच पाहिजे.

आपलं उदाहरण: आईचं ऑपरेशन झालेलं, रात्री कोणीतरी जागं राहायचं होतं. वैशाली थांबणार होती, भाऊ म्हणाला तू जा, मी आहे. भावाला झोप लागली, आई बाथरूमला उठली, पडली, दोन दिवसांनी गेली.

तपासा: वाक्यात "मृत्यू", "दुःख", "वेदना" असले शब्द आलेत का? काढा. घरात कोणी असं बोलत नाही, घरात "आई गेली तेव्हा" किंवा नुसतं "ते झालं तेव्हा" म्हणतात, आणि वर्षभराने सुद्धा ते "ते"च असतं. स्क्रिप्टमधला माणूस जर स्वतःच्या शोकाला शोक म्हणायला लागला तर तो लेखक बोलतोय असं समजा.

२. माणूस अडकलाय ती जागा शोधा, आणि ती कॅमेऱ्यात मावली पाहिजे

"तो भूतकाळात अडकलाय" हे लिहून काही उपयोग नाही, भूतकाळ शूट करता येत नाही. जागा लागते. सिस्कोची जागा म्हणजे सॅराटोगावरची ती जळती केबिन. एपिसोड तिथेच सुरू होतो, मग "तीन वर्षांनंतर", मग अख्खी वेगळी गोष्ट चालू होते, मोडकळीला आलेलं स्टेशन, बजोर ग्रह, राजकारण, आणि मग वर्महोलमधे, म्हणजे अंतराळातल्या बोगद्यात, परक्या जीवांशी बोलताना ते जीव त्याला परत परत त्याच केबिनमधे आणून उभं करतात. तो चिडतो, मला इथे का आणता म्हणतो. त्यांचं म्हणणं असतं की आम्ही नाही आणत, तूच इथे असतोस.

ह्या परक्या जीवांना काळ रांगेत असतो हेच माहीत नाही. काल, आज, उद्या हा प्रकारच त्यांच्याकडे नाही. सिस्को त्यांना बेसबॉल दाखवून समजावतो की बॉल टाकला की पुढे काय होईल हे खेळणाऱ्याला माहीत नसतं आणि म्हणूनच खेळ चालतो. काळ सरळ रेषेत पुढे जातो हे तो त्यांना पटवून देतो, आणि मग तेच त्याला विचारतात की मग तू अजून इथे कसा. त्याच्याच युक्तिवादाने तो पकडला जातो आणि कबूल करतो की हे सरळ रेषेत नाही. सायफायची कल्पना आणि माणसाचं दुखणं एकाच वाक्यात भेटतं ती ही जागा. तुमच्या स्क्रिप्टमधे हा सांधा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, नाही दाखवता आला तर तुमची कल्पना आणि तुमचा शोक शेजारी शेजारी बसलेत, एकमेकांशी बोलत नाहीयेत.

आपल्या उदाहरणात जागा म्हणजे आईच्या खोलीचं दार. वैशाली त्या रात्री दारातूनच परत गेली.

इथली नेहमीची चूक: काय झालं होतं हे शेवटपर्यंत लपवून ठेवायचं आणि ट्विस्ट म्हणून काढायचं. मग बघणारा पूर्ण वेळ कोडं सोडवत बसतो, माणसासोबत राहत नाही. 'एमिसरी' पहिल्या काही मिनिटांतच सगळं दाखवून टाकतो. काय झालं ते आपल्याला माहीत आहे, मग तो अजून तिथे का आहे एवढीच ओढ उरते, आणि ती दीड तास पुरते.

३. यंत्र: ते काय देतं, काय देत नाही, किती वेळ देतं

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, घाई करू नका.

शोकाच्या सायफाय गोष्टीत ठरलेले साचे फार नाहीत. गेलेल्या माणसाचा चेहरा घेऊन येणारा परका जीव. गेलेल्या माणसाची कॉपी. काळात मागे जाणं. तोच दिवस परत परत. आठवण पुसणं किंवा पुसलेली परत येणं. यातला कुठलाही घ्या, पण तीन गोष्टी कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका: देतं काय, नाकारतं काय, मुदत किती.

'एमिसरी'तले जीव जेनिफरचा चेहरा घेतात, देणं एवढंच. नाकारतात काय, तर जेनिफर. तो चेहरा त्याच्याशी बायको म्हणून बोलत नाही, चौकशी केल्यासारखा बोलतो, ही कोण, हे काय, असं का. फ्रेम पांढरट, चेहरे जवळून, मागे हृदयाचे ठोके. बघणाऱ्याला एका क्षणासाठी सुद्धा वाटत नाही की ती परत आलीय.

ब्लॅक मिररचा 'बी राइट बॅक', २०१३ चा, हा कॉपीवाला साचा आहे. बॉयफ्रेंड गाडीच्या अपघातात जातो, मग त्याच्या ऑनलाइन लिखाणावरून आधी त्याच्यासारखं चॅट करणारं काहीतरी, मग आवाज, मग चक्क शरीर. यंत्र दर पायरीला जास्त देत जातं आणि नेमकं त्यामुळेच काय देता येत नाही ते जास्त उघडं पडत जातं. कड्यावरच्या सीनमधे ती त्याला उडी मार म्हणते आणि तो सांगितलं म्हणून तयार होतो, तिला हवा असतो तो खरा माणूस जो घाबरला असता. माफी या एपिसोडमधे नाही, नुसता शोक आहे, पण पायऱ्या कशा चढवायच्या हे शिकायला हाच घ्या.

मुदतीसाठी डीप स्पेस नाईनचाच 'द व्हिजिटर' बघा, १९९५ चा. तिथे मुलाला गेलेले वडील मधेच कधीतरी भेटतात, थोडाच वेळ, आणि दोन भेटींमधे वर्षंच्या वर्षं जातात. वडील तेवढेच, मुलगा म्हातारा होत जातो. मुदत हाच त्या गोष्टीचा कणा आहे.

आणि हे सगळं परदेशातूनच आणायला पाहिजे असं नाही. आपल्याकडे दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. कावळा शिवत नाही, ऊन वाढत जातं, मग एकेक जण पुढे येऊन बोलायला लागतो, पोरीचं लग्न मी करून देतो, जमिनीचा वाद मिटवतो, काळजी करू नका. जे बारा वर्षं कोणी तोंडातून काढलं नव्हतं ते चार लोकांसमोर कावळ्यासाठी बोललं जातं. सायफाय यंत्राला जे जे लागतं ते सगळं यात आहे: गेलेल्याशी संबंध, नकार, मुदत, आणि जिवंत माणसाकडून काहीतरी वदवून घ्यायची ताकद. तुमचं यंत्र कसं वागलं पाहिजे हे अडलं तर एखादा घाट आठवा, मी खरंच सांगतेय, यापेक्षा चांगला नमुना मला सापडलेला नाही.

आपलं उदाहरण: जवळच्या भविष्यातली गोष्ट, घरांच्या भिंती आवाज साठवून ठेवतात. घर विकायच्या आधी मालकाला कुठल्याही एका रात्रीचा आवाज ऐकता येतो, एकदाच, मग सगळं पुसलं जातं. चित्र नाही, थांबवता येत नाही, उत्तर देता येत नाही. वैशाली ती रात्र निवडते.

थांबा, तपासा:
- यंत्र गेलेल्या माणसाला "मी तुझ्यावर रागावले नाहीये" असं म्हणायला लावतंय का? तो डायलॉग काढा. मेलेल्या माणसाकडून माफी मिळाली की जिवंत माणसांना काही करायचं उरत नाही आणि गोष्ट तिथेच मरते.
- यंत्राचा नियम माफीच्या सीनमधे बदलतोय का? एकदाच ऐकता येतं म्हटलं असेल तर एकदाच. शेवटी भावनेच्या भरात दुसऱ्यांदा चालू झालं तर बघणारा लगेच बाहेर पडतो.
- नियम समजवायला तीनपेक्षा जास्त वाक्यं लागतायत का? मग यंत्र अवघड झालंय, सोपं करा.

४. राग कोणावर आहे, आणि तो माणूस खरंच दोषी आहे का

पहिल्या तीन पायऱ्या होईपर्यंत माफीचा विचार सुद्धा करायचा नाही. आता करायचा.

सिस्कोचा राग एंटरप्राइज जहाजाच्या कॅप्टन पिकार्डवर आहे. बोर्गने पिकार्डला पळवून, त्याच्या शरीरात यंत्रं घालून, त्याला लोक्युटस नावाचा आपला म्होरक्या बनवून वुल्फ ३५९ च्या लढाईत फेडरेशनच्या, म्हणजे सिस्को-पिकार्डच्याच बाजूच्या, जहाजांवर घातलं. ३९ जहाजं गेली, जवळपास ११,००० माणसं गेली. साचा ओळखीचा आहे, मन ताब्यात घेतलेला माणूस, हात त्याचे पण इच्छा दुसऱ्याची. मग दोष कोणाचा?

बऱ्याच स्क्रिप्ट इथे मोडतात म्हणून सावकाश सांगते. लोक काय करतात, शेवटी कळतं की ज्याच्यावर राग होता त्याने ते केलंच नव्हतं, किंवा नाइलाज होता, किंवा पत्र सापडतं, रेकॉर्डिंग सापडतं, आणि मग रडून मिठी. ही माफी नाही, हा गैरसमज दूर झाला. गैरसमज दूर व्हायला मोठं मन लागत नाही, माहिती लागते. 'एमिसरी'त पिकार्डबद्दल सिस्कोला नवीन काहीही कळत नाही. पिकार्डवर जबरदस्ती झाली होती हे त्याला पहिल्या भेटीतही माहीत असतं, सगळ्यांनाच माहीत असतं, एपिसोडच्या सुरुवातीच्या मजकुरातच लिहून येतं. माहिती तीच राहते, माणूस बदलतो.

याचं अजून कडक रूप बघायचं तर बॅबिलॉन ५ चा 'पासिंग थ्रू गेथसेमनी', नोव्हेंबर १९९५. त्या जगात खुन्याला फाशीऐवजी त्याची आठवण पुसून नवीन, सेवाभावी माणूस बनवतात. ब्रदर एडवर्ड नावाचा शांत साधू असतो, त्याला हळूहळू कळतं की आपण पूर्वी माणसं मारली आहेत, आणि ज्यांची माणसं गेली ते त्याला शोधत आलेत. तिथे सुटका नाही, त्याने केलेलंच आहे, फक्त त्याला आठवत नव्हतं. तो पळून जाऊ शकत असतो आणि पळत नाही. ते लोक त्याला मारतात. मग मारणाऱ्याची आठवण पुसली जाते आणि तोच त्याच मठात नवीन ब्रदर म्हणून येतो, आणि स्टेशनचा कॅप्टन शेरिडन, ज्याला त्याचा भयंकर राग आलेला असतो, त्याला या नवीन ब्रदरने पुढे केलेल्या हाताचं काय करायचं ते ठरवावं लागतं.

डीप स्पेस नाईनच्या 'ड्युएट'मधे, तोही १९९३ चाच, उलटं आहे असं वाटू शकतं. ज्याला स्टेशनवरची बजोरी अधिकारी किरा छळछावणीचा क्रूर प्रमुख समजते तो निघतो साधा फायलिंग क्लार्क. पण बघा, ती माहिती आली म्हणून तो सुटत नाही, रात्री किंकाळ्या ऐकून तो कान झाकून पडून राहायचा, काही केलं नाही, आणि तेच त्याला खातंय, म्हणून तो प्रमुखाचं सोंग घेऊन शिक्षा मागायला आलाय. दोषाचा आकार बदलला, दोष राहिला. ट्विस्ट वापरायचाच असेल तर असा.

आता यातला आतला पदर. पिकार्डवरच्या रागाच्या खाली सिस्कोचा अजून एक राग आहे, स्वतः बाहेर पडल्याचा. परके जीव त्याला पिकार्डबद्दल फार विचारत बसत नाहीत, ते त्या केबिनबद्दल विचारतात. म्हणजे दोन दोषी असतात, एक समोरचा, एक आतला, आणि यंत्राने आतल्यापर्यंत न्यायचं असतं. आतला सुटला की समोरच्याचं काय करायचं ते माणूस स्वतः ठरवतो.

आपलं उदाहरण इथे पूर्ण होतं. वैशाली आवाज ऐकते. "तू जा, मी आहे." तिच्या चपला, जिन्यावरून उतरतानाचा आवाज, स्कूटी चालू झाली. मग तासन् तास पंखा आणि दादाचं घोरणं. तो झोपलेलाच होता, त्यात बदल नाही. मग आईचा आवाज, हळू, "वैशू". दोनदा. आईने दादाला हाक मारलेलीच नसते, तिने वैशूला मारलेली असते, जी तिथे नव्हती. दादाला सोडवणारं काहीही या आवाजात नाही. उलट वैशालीला जास्त लागतं.

तपासा: तुमच्या गोष्टीतला दोषी शेवटी निर्दोष निघतो का? निघत असेल तर एक तर दोष परत आणा, नाहीतर "माफी" हा विषय सोडून द्या आणि गैरसमजाची गोष्ट म्हणून लिहा, तीही चांगली होऊ शकते.

५. दोन भेटी लिहा, आणि त्या एकमेकींसमोर धरा

'एमिसरी'त सिस्को आणि पिकार्डच्या खऱ्या भेटी दोनच. पहिली स्टेशनवर आल्यावर: पिकार्ड साधेपणाने विचारतो की आपण आधी भेटलोय का, आणि सिस्को सांगतो की हो, लढाईत, मी सॅराटोगावर होतो. पिकार्डचा चेहरा तिथे बघा, आवाज बंद करून बघा. मग दोघं कामाचंच बोलतात, सिस्को मुलाचं कारण सांगून पृथ्वीवर परत जायचं बोलतो. दुसरी शेवटी: पिकार्ड त्या बदलीचं विचारतो, सिस्को म्हणतो ते बोलणं विसरून जा. हात मिळवतात.

दोन्ही भेटी ऑफिसच्या भाषेत आहेत. वरचा अधिकारी, खालचा अधिकारी, बदली, पोस्टिंग. जेनिफरचं नाव दुसऱ्या भेटीत निघत नाही आणि "माफ" हा शब्द तर कुठेच नाही.

करायचं असं: आधी पहिली भेट लिहा, मग लगेच शेवटची, मधलं सगळं नंतर. दोन्हींत विषय शक्यतो तोच ठेवा, बोलण्याची जागा, अंतर, संबोधन बदला. पिकार्डची बाजू पण कुठेतरी असली पाहिजे, त्यांना ती आधीच्या नेक्स्ट जनरेशन या स्टार ट्रेक सिरीजच्या 'फॅमिली' एपिसोडमधे दाखवता आली होती, तिथे पिकार्ड भावासमोर चिखलात बसून रडतो. तुमच्याकडे एकच एपिसोड आहे, त्यामुळे दोषी माणसाला एकटं असं निदान एक मिनिट द्या. दादा रिकाम्या खोलीत अलार्म लावून झोपतो, दर दोन तासांनी उठतो, अजूनही. बास एवढं.

६. बी प्लॉट

याला जास्त वेळ देऊ नका. बाजूच्या गोष्टीत मुख्य दुखणं मोठ्या आकारात दिसलं की काम झालं. 'एमिसरी'त कार्डॅशियन्सनी, म्हणजे बजोरवर राज्य केलेल्या परक्या लोकांनी, कब्जा सोडताना लुटून तोडून ठेवलेलं स्टेशन आहे आणि ते सोडून जायचं की दुरुस्त करायचं हा प्रश्न सगळ्यांपुढे आहे, सिस्कोपुढे पण. वीस मिनिटांची शॉर्टफिल्म असेल तर बी प्लॉट ठेवूच नका, एखादी वस्तू ठेवा. आपल्याकडे विकायचं घर आहेच.

७. माफी कृतीत लिहा, आणि मराठीत लिहा

'एमिसरी'त हात मिळवणं, 'गेथसेमनी'त पण हात मिळवणं. म्हणून तुम्ही पण हात मिळवणं लिहू नका. सिस्को आणि पिकार्ड अधिकारी आहेत, त्यांच्यात ते चालतं. आपल्याकडे भाऊबहीण हात मिळवत नाहीत.

मराठी स्क्रिप्टमधे "मी तुला माफ केलं" हे वाक्य मला आजपर्यंत एकदाही खरं वाटलेलं नाही. "माफ करा" आपण धक्का लागल्यावर म्हणतो. "क्षमा" देवाकडे मागतो, नाहीतर पत्राच्या शेवटी. ज्याच्यावर खरा राग होता त्याला आपण म्हणतो "जेवून जा", नाहीतर "जाऊ दे आता". त्यामुळे शब्द शोधू नका, वागणं शोधा.

आणि आपल्या भाषेत एक हत्यार आहे जे इंग्रजी एपिसोड लिहिणाऱ्यांकडे नाही, संबोधन. तू, तुम्ही, आणि तिसरं म्हणजे अबोला धरलेल्या घरातलं बोलणं, जिथे समोर बसलेल्या माणसाशी पोराच्या तोंडून बोलतात. "बाबांना सांग चहा ठेवलाय." बाबा दोन हातांवर असतात. ज्याने हे घरात पाहिलंय त्याला कळेल की त्या तिसऱ्या माणसाला मधून काढून सरळ एकेरीत हाक मारणं याला किती वर्षं लागतात.

आपल्या उदाहरणात पहिली भेट: दादा समोर उभा, वैशाली त्याच्या मुलाला म्हणते, "बाबांना सांग, आजीच्या खोलीची किल्ली पाहिजे." शेवटची भेट, ऐकून झाल्यावर, घर रिकामं, एजंट खाली थांबलाय. ती बाहेर येते, किल्ली हातात, दादाकडे न बघता म्हणते, "दादा, ही तुझ्याकडे राहू दे." घर विकलंय, त्या किल्लीने आता काहीही उघडणार नाही. तो घेतो. ती ऐकलेल्या हाकेबद्दल त्याला सांगते की नाही? मी नाही सांगणार, ते तिचं आहे. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा, पण मग किल्लीच्या आधी सांगायचं, नंतर नाही, कारण किल्ली दिल्यावर बोललेलं काहीही हिशोब मागितल्यासारखं वाटेल.

इशारा: माफी करणाऱ्याला काहीतरी सोडावं लागलं पाहिजे. सिस्को परत जायचा रस्ता सोडतो. वैशाली किल्ली सोडते आणि त्या रात्री मी चुकले नाही हे समाधान पण सोडते. काहीच न सोडता माफी आली तर ती फुकटची वाटते.

आणि हो, काही गोष्टींत माफी द्यायचीच नाही हेही बरोबर असतं. लिहिताना तिथपर्यंत आलात आणि पात्र नाही म्हणालं तर त्याचं ऐका, किल्ली तिच्याच हातात राहू द्या आणि सीन तसाच संपवा. जबरदस्तीने गोड केलेल्या शेवटापेक्षा तो शंभर पटीने बरा.

८. शेवटची फेरी: मोठ्याने वाचा आणि कापा

- अख्खी स्क्रिप्ट मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या कोणाला तरी वाचायला लावा. जिथे वाचणारा आवाज जड करतो ती ओळ बहुतेक कापायची आहे.
- "माफ", "विसर", "पुढे जा", "तिला हेच हवं असतं" हे शब्द शोधा. "तिला हेच हवं असतं" हे तर प्रत्येक स्क्रिप्टमधे असतं. सगळे काढून सीन परत वाचा, कळतोय का? कळत असेल तर काढलेलेच राहू द्या.
- मिनिटं मोजा. माफीच्या सीनला शोकापेक्षा जास्त मिनिटं गेली असतील तर पायरी दोन आणि तीनवर परत जा.
- शेवटच्या सीनमधे पार्श्वसंगीत लिहिलं असेल तर खोडा. ते ज्याचं काम आहे तो बघेल.
- यंत्र पूर्ण काढून टाकून गोष्ट एकदा तोंडी सांगून बघा. जशीच्या तशी सांगता आली तर यंत्र शोभेचं आहे, परत पायरी तीन. वैशालीच्या गोष्टीत भिंतीचा आवाज काढला तर ती हाक तिला कधीच ऐकू येत नाही आणि किल्ली पर्समधेच राहते, म्हणजे यंत्र कामाला लागलंय.
- आठ दिवस बाजूला ठेवा. मग फक्त पहिली भेट आणि शेवटची भेट काढून घरातल्या कोणालातरी वाचून दाखवा, मधलं काहीही न सांगता, आणि विचारा या दोघांत काय बदललं. त्यांनी किल्लीचं किंवा हाकेचं नाव घेतलं तर शूटची तारीख काढा.